एलेसिनचा मार्ग कोणी अडविला? : 'डेथ अँड द किंग्ज हॉर्समन'च्या आशयसूत्रांविषयी

वोले सोयिंका यांचे 'डेथ अँड द किंग्ज हॉर्समन' (१९७५) हे नाटक अभ्यासपत्रिकेत आले, की त्याची आशयसूत्रे सांगण्याचा एक साचा वर्गात आपोआप तयार होतो. परंपरा विरुद्ध आधुनिकता, आफ्रिका विरुद्ध युरोप, कर्तव्य विरुद्ध वासना, पिता विरुद्ध पुत्र अशा जोड्या लावल्या जातात. विद्यार्थी त्यांवर उत्तरपत्रिका भरतात आणि आपण गुण देऊन मोकळे होतो. प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे हे नाटक असेच शिकविले. हा साचा सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु नाटकाच्या पाचव्या प्रवेशात एलेसिन जी कबुली देतो, ती या जोड्यांपैकी एकीतही बसत नाही, आणि शोकात्मिकेचे मर्म तर नेमके त्या कबुलीतच आहे.

नाटकाला आधारभूत असलेली घटना ऐतिहासिक आहे. ओयो हे आजच्या नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा लोकांचे जुने राज्य. त्याच्या राजाला 'आलाफिन' म्हणतात. आलाफिन सियानबोला लाडिग्बोलू यांचे डिसेंबर १९४४ मध्ये निधन झाले. राजाच्या अश्वाधिपतीने स्वेच्छामरण पत्करून राजामागोमाग जावे, अशी तेथील परंपरा होती. जानेवारी १९४५ मध्ये हा विधी ब्रिटिश अधिकाऱ्याने रोखला आणि अश्वाधिपतीच्या मुलाने पित्याच्या जागी प्राण दिला. याच घटनेवर दुरो लाडिपो यांनी १९६४ मध्ये 'ओबा वाजा' हे योरुबा नाटक रचले होते. सोयिंकांनी आपल्या टिपणात घटनेचे वर्ष १९४६ असे दिले आहे आणि नाट्यरचनेच्या सोयीसाठी ती महायुद्धाच्या काळात मागे नेल्याचे म्हटले आहे. वास्तविक ती घडली तेव्हा युद्ध चालूच होते. नाटककाराने कल्पनेने केलेला बदल असा नकळत इतिहासाशी जुळून गेला.

याच टिपणात सोयिंका दिग्दर्शकांना आणि समीक्षकांना बजावतात, की या नाटकावर संस्कृतिसंघर्षाचे लेबल चिकटवू नये. वसाहतवादी सत्तेचा हस्तक्षेप हे केवळ निमित्त असून खरा संघर्ष पारलौकिक पातळीवरचा आहे, अशी त्यांची भूमिका आहे. लेखकाने स्वतःच्या कृतीविषयी दिलेला असा निर्वाळा समीक्षकाने जसाच्या तसा स्वीकारावा, असे नाही. बिओडुन जेयिफो यांच्यासारख्या मार्क्सवादी अभ्यासकाने तर १९८५ मध्ये या नाटकाच्या मुळाशी असलेल्या सरंजामी मूल्यव्यवस्थेकडेच बोट दाखविले. राजाचा सन्मान हा 'समाजा'चा सन्मान केव्हापासून झाला आणि त्या समाजात कोणाकोणाचा समावेश होतो, हा त्यांच्या आक्षेपाचा रोख आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. तथापि सोयिंकांचे टिपण आणि त्यांची संहिता यांत जो ताण आहे, तो या दोन्ही भूमिकांपेक्षा अधिक बोलका आहे.

योरुबा विश्वकल्पनेत पूर्वजांचे, जिवंतांचे आणि अजून न जन्मलेल्यांचे अशी तीन जगे आहेत. या जगांना जोडणारी आणि त्यांना विलगही करणारी जी संक्रमणाची दरी आहे, तिला सोयिंका चौथी अवस्था मानतात. १९६९ च्या 'द फोर्थ स्टेज' या निबंधात त्यांनी योरुबा शोकात्मिकेचा उगम याच दरीत शोधला आहे. देव आणि मानव यांच्यातील ही दरी प्रथम ओलांडणारा देव ओगुन. तो लोहाचा, मार्गाचा, निर्मितीचा आणि संहाराचाही देव आहे. ही दरी ओलांडायची तर शरीरबळ पुरत नाही. तेथे अभंग इच्छाशक्ती लागते. राजाच्या मृत्यूला महिना झाल्यावर, राजाचा घोडा आणि कुत्रा यांच्यासह, एलेसिनने जो प्रवास करावयाचा आहे तो हाच आहे. म्हणून त्याच्या मरणाला 'आत्महत्या' म्हणणे हेच मुळी पिल्किंग्जच्या भाषेत बोलणे ठरते. एलेसिन थांबला तर राजा वाटेतच खोळंबतो आणि तिन्ही जगांचे दळणवळण विसकटते.

पहिला प्रवेश संध्याकाळी मिटू लागलेल्या बाजारात घडतो. स्तुतिगायक ओलोहुन-इयो मागून पळत येतो आहे आणि एलेसिन डौलाने, जीवनरसाने ओथंबून चालतो आहे. मृत्यूच्या हाकेला प्रत्येक जण 'मी नव्हे' म्हणून कसा टाळतो, याची गोष्ट तो नाचून, नकला करून सांगतो. शेतकरी, शिकारी, गणिका, पुरोहित सारेच या पक्ष्याला दारातून हाकलतात. आपण मात्र त्याला घरट्यात परत पाठविले, अशी त्याची ऐट आहे. विद्यार्थी हा प्रसंग धैर्याचा पुरावा म्हणून उद्धृत करतात. मला तो उलट वाटतो. भीतीची इतकी रंगतदार, इतकी बारीक यादी ज्याने मनात जमविली आहे, त्याची तिच्याशी चांगलीच ओळख असली पाहिजे. लगेचच तो उंची वस्त्रे मागतो, आणि त्यानंतर एक तरुणी. ती बाजारातल्या स्त्रियांची मुखिया इयालोजा हिच्या मुलाची वाग्दत्त वधू आहे. केळीचे जुने खोड वाळत असताना कोंब फुगतो, या प्रतिमेने तो आपल्या मागणीला धर्माचा आधार देतो. जाणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, म्हणून इयालोजा रुकार देते. पण जड पावलांनी जाऊ नकोस, असा इशाराही देते. इंग्रज अधिकारी अजून रंगमंचावर आलेला नाही. शोकात्मिकेचे बीज मात्र पडून गेले आहे.

दुसऱ्या प्रवेशात पिल्किंग्ज पतिपत्नी टँगो नाचत असतात. अंगात एगुंगुनचा, म्हणजे पूर्वजांच्या पवित्र मुखवटानृत्याचा, जप्त केलेला पोशाख आहे. राजपुत्राच्या सन्मानार्थ होणाऱ्या वेषभूषेच्या नृत्यसमारंभात त्यांना बक्षीस हवे आहे. सार्जंट अमुसा मुसलमान असूनही मृत्यूच्या गणवेशात उभ्या असलेल्या माणसाशी मृत्यूविषयी बोलायला नकार देतो. पिल्किंग्ज दुष्ट नाही, तो अनास्थेने वागणारा कारभारी आहे. सोयिंकांचा उपहास त्यामुळेच अधिक झोंबतो. तिसऱ्या प्रवेशात बाजारातल्या मुली अमुसाची आणि साहेबी उच्चारांची जी टर उडवितात, ती रंगमंचावर हमखास हशा मिळविते, परंतु तिचे कार्य विनोदापुरते नाही. नाटक इंग्रजीत असले तरी त्यात अनेक इंग्रजी नांदतात. एलेसिनची म्हणींनी भारलेली लयबद्ध भाषा, पिल्किंग्जची तुटक सरकारी भाषा, अमुसाची मोडकी भाषा आणि मुलींनी पांघरलेली नकली साहेबी भाषा यांत सर्वांत समृद्ध बोली 'रानटी' ठरविलेल्यांच्या तोंडी आहे. (मराठी अनुवाद करावयाचा झाल्यास खरी कसोटी येथे लागेल. एलेसिनला लोकनाट्याची भाषा दिली तर त्याचे गांभीर्य जाईल, आणि संस्कृतप्रचुर भारदस्त भाषा दिली तर बाजार जाईल.) बिई बांडेले यांच्या २०२२ च्या चित्रपटाने हे कथानक योरुबा भाषेत नेले, तेव्हा या बहुभाषिक तणावाचे रूपच बदलले.

चौथ्या प्रवेशातील ओलुंडे आणि जेन यांचा संवाद हा 'संस्कृतिसंघर्षा'चा सर्वांत मोठा पुरावा मानला जातो. ओलुंडे इंग्लंडमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेत आहे, जखमी सैनिकांची शुश्रूषा त्याने केली आहे. बंदरातली इतर माणसे वाचावीत म्हणून जहाजासह स्वतःला उडवून देणाऱ्या कप्तानाची हकीकत जेनच सांगते, आणि ते बलिदान तिला व्यर्थ वाटते. जीवनाची बाजू घेणारा आवाज आपणच आहोत, हा तिचा विश्वास ओलुंडे शांतपणे मोडून काढतो. येथे लाडिपोशी तुलना उपयुक्त ठरते. लाडिपोचा मुलगा घानाहून परततो. सोयिंकांचा मुलगा साम्राज्याच्या राजधानीतून, तिचे शास्त्र शिकून परततो आणि तरीही परंपरेची निवड करतो. परंपरा ही अज्ञानातून टिकते, हे गृहीतक या एका बदलाने निकालात निघते.

आता ती कबुली. ज्या तळघरात एके काळी गुलाम डांबले जात, तेथे एलेसिन साखळदंडांत आहे. प्रथम तो पिल्किंग्जला दोष देतो, मग देवांना. मग शेजारी बसलेल्या नववधूला सांगतो, की तुझ्यामुळे मातीची ओढ वाढली, पाय जड झाले. इयालोजासमोर मात्र तो शेवटचा पडदाही बाजूला सारतो. परक्याच्या त्या हस्तक्षेपामागे कदाचित देवांचाच हात असेल, असा विचार मनात आला, हेच माझे पाप, असे तो मान्य करतो. माझ्या मते नाटकाचा गाभा हा आहे. वसाहतवादी सत्ता एलेसिनला बेड्या घालते हे खरे, परंतु त्याआधी ती त्याच्या मनात एक सबब होऊन शिरते. डळमळलेल्या इच्छेला तिने दैवी संकेताचे रूप दिले. सोयिंकांचे टिपण म्हणते तसा पिल्किंग्ज निमित्तमात्र आहे. पण ते निमित्त बाहेर उभे राहिले नाही. म्हणूनच 'केवळ निमित्त' हा शब्दप्रयोग मला अपुरा वाटतो, आणि 'दोन संस्कृतींचा संघर्ष' हा त्याहून अधिक अपुरा.

हे नाटक शिकविताना महाराष्ट्रातील वर्गात एक प्रश्न हमखास येतो : सतीबंदीचा १८२९ चा कायदा योग्य मानायचा, तर पिल्किंग्ज चुकला कसा? प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला बगल देऊ नये. एलेसिन हा पदाचे सर्व लाभ आयुष्यभर भोगलेला सत्ताधारी पुरुष आहे. त्याचे मरण त्या पदाची अखेरची अट आहे आणि ती त्याला प्रथमपासून ठाऊक आहे. सती जाणाऱ्या स्त्रीला असे कोणते पद होते? साम्य शोधायचेच असेल, तर ते दुसऱ्या पात्रात शोधावे लागेल. नववधूला नाटकभर नाव नाही आणि एकही वाक्य नाही. एकाची वाग्दत्ता असताना ती दुसऱ्याला दिली गेली. कोणी तिला विचारले नाही, आणि ज्या समीक्षेने एलेसिनच्या इच्छाशक्तीवर पानेच्या पाने लिहिली, तिनेही फारसे विचारले नाही. जेयिफोंच्या प्रश्नाची धार येथे पुन्हा जाणवते.

इयालोजा झाकलेले ओझे आणविते. ते ओलुंडेचे शव आहे. केळीच्या कोंबाची प्रतिमा उलटी होऊन परत येते : जुन्या खोडाने सुकून कोंबाला रस द्यायचा, की कोंबाने खोडाला? एलेसिन साखळीने स्वतःचा गळा आवळतो. ओलुंडेच्या मरणाने विश्वाची घडी पुन्हा बसली की नाही, याचे उत्तर संहितेत नाही. स्तुतिगायकाच्या शब्दांत जग पोकळीत कोसळतेच आहे. पिल्किंग्ज मृताचे डोळे मिटण्यासाठी पुढे सरसावतो, इयालोजा त्याला रोखते आणि वधूला पुढे बोलाविते. वधू मूठभर माती घेऊन एलेसिनच्या पापण्यांवर टाकते. मग इयालोजा तिला मृतांना आणि जिवंतांनाही विसरून पोटातल्या, अजून न जन्मलेल्या जिवाकडे लक्ष देण्यास सांगते. वधू तिच्याबरोबर निघून जाते. तिचे म्हणणे काय, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.