घरभाड्यातला तोटा ट्रॉलरच्या नफ्यातून वजा होतो का?



बंदीचे दिवस आहेत. जाळी दुरुस्त होतायत, इंजिनं खोललीयत, आणि याच दिवसांत रिटर्नची कागदपत्रंही काढायची असतात. सोसायटीत एक प्रश्न नेहमी येतो: "कर्ज काढून घर बांधलं, भाड्याने दिलं. भाड्यापेक्षा बँकेचं व्याज जास्त जातं. हा तोटा ट्रॉलरच्या नफ्यातून वजा होईल का?" एका शब्दात उत्तर नाही, म्हणून २०२५-२६ या वर्षाचा हिशेबच मांडतो. आकडे उदाहरणाचे आहेत.

१) तोटा किती?
भाडं महिना १५,०००, वर्षाचे १,८०,०००. भरलेली घरपट्टी ५,००० वजा, उरले १,७५,०००. त्यातून ३० टक्के, म्हणजे ५२,५०० वजा. उरले १,२२,५००. कर्जाचं व्याज ३,८०,०००. तोटा २,५७,५००.
रंगकाम, दुरुस्ती, राखणदार हे सगळं त्या ३० टक्क्यांतच आलं. वेगळी बिलं चालत नाहीत.

२) "भाड्याचा धंदाच आहे" असं दाखवलं तर?
काहीजण हा सल्ला देतात. पण २०२४-२५ पासून कायद्यात स्पष्ट केलंय की मालकाने राहतं घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिला, तर ते उत्पन्न घराच्याच सदरात दाखवायचं, धंद्याच्या नाही. ती वाट बंद झाली.

३) जुनी पद्धत की नवी?
जुन्या पद्धतीत घराचा तोटा ट्रॉलरच्या नफ्यातून वजा होतो, पण एका माणसाला वर्षाला जास्तीत जास्त २ लाख. उरलेला पुढची ८ वर्षं नेता येतो, तोही फक्त घराच्या उत्पन्नातून वजा करायला.
नव्या पद्धतीत हा तोटा ट्रॉलरच्या नफ्यातून एक रुपयाही वजा होत नाही.
हे ऐकून पुष्कळजण लगेच म्हणतात, "मग जुनीच बरी." थांबा, पुढचं वाचा.

४) गोव्याची गोष्ट
आपल्याकडे नागरी कायद्याप्रमाणे ज्या नवराबायकोची मालमत्ता सामाईक आहे, त्यांना आयकराचं कलम ५ए लागू होतं. पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरायचं. ट्रॉलरही आला, घरही आलं.
समजा डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा जाऊन नफा १४ लाख. प्रत्येकी ७ लाख. घराचा तोटा प्रत्येकी १,२८,७५०.
जुन्या पद्धतीत प्रत्येकाचं उत्पन्न ५,७१,२५०. वय साठीच्या आत आणि दुसरी वजावट नसेल, तर कर सेससह प्रत्येकी २७,८२०. दोघांचे ५५,६४०.
नव्या पद्धतीत तोटा वाया, पण १२ लाखांपर्यंत सूट असल्याने दोघांचाही कर शून्य.
आणि सगळा नफा चुकून नवऱ्याच्याच नावावर दाखवला, तर नव्या पद्धतीतही ९३,६०० रुपये कर येतो. म्हणून रिटर्नमधलं ५ए चं परिशिष्ट जोडीदाराच्या पॅनसह भरा, आणि दोघांचीही रिटर्न भरा. लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवायचा करार केला असेल, तर मात्र हे लागू नाही.

५) उडी मारण्याआधी
नवी पद्धत आपोआप लागू असते. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला जुनी हवी तर मुदतीच्या आत १०-आयईए फॉर्म भरावा लागतो. पगारदार दरवर्षी बदलू शकतो, आपण नाही. जुनीत जाऊन एकदा नवीत परतलात, की धंदा चालू आहे तोवर पुन्हा जुनी नाही.

तेव्हा तोटा वजा मिळतो एवढ्यावर भुलू नका. शेवटी कर किती भरावा लागतो ते बघा. नफा मोठा असेल, विमा वगैरे वजावटी असतील, तर आकडे बदलतात; दोन्ही पद्धतींचा हिशेब सी.ए.कडून लेखी मागून घ्या. जाताना बँकेचा व्याजाचा दाखला, घरपट्टीची पावती, भाडेकरार, डिझेल-बर्फाची बिलं आणि दोघांचं पॅन बरोबर न्या.

आपली सोसायटी