पेशींची पत्रे

गेल्या वर्षी माझ्या मामींना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. बाळापूरहून एस.टी.ने नांदेड व तेथून रेल्वेने मुंबई, अशा आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकदा स्वदेशी पेशी-उपचाराची बातमी वाचून मामा म्हणाले, "तू कॉलेजात शिकतोस ना? मग हे औषध आपल्याला का चालत नाही, ते सांग." मी पडलो कला शाखेचा विद्यार्थी! उत्तर देता आले नाही, म्हणून वाचू लागलो. जे उमगले ते येथे मांडीत आहे.

रक्तातील टी-पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. परंतु कर्करोगाची पेशी ही घरातलीच. ती त्यांना चटकन ओळखू येत नाही. पवईची आय.आय.टी. व टाटा स्मारक केंद्र यांनी यावर उपाय सिद्ध केला. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, शत्रूची खूण ओळखण्याचे जनुक त्यांत घालून त्या परत रक्तात सोडायच्या. 'नेक्सकार-१९' या उपचारास २०२३ साली मान्यता मिळाली. परदेशाच्या मानाने तो स्वस्त, तरी खर्च लाखांतच. कारण प्रत्येक रुग्णासाठी औषध नव्याने घडवावे लागते. शिवाय तो ओळखतो ती खूण बी-पेशींच्या कर्करोगांत असते, स्तनाच्या गाठीवर नसते. मामांच्या प्रश्नाचे उत्तर हे होय.

मग गाठीसाठी काय? येथे पेशीबाह्य पुटिकांचा विचार येतो. पेशी आपल्यातून सूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. पुष्कळशा पिशव्या मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या असतात. पूर्वी त्यांना पेशींचा केरकचरा समजत. वस्तुतः ती एका पेशीने दुसरीला धाडलेली पत्रेच होत! कर्करोगही अशी पत्रे धाडतो. त्यांतील काहींवर शिपायांना 'थांबा' सांगणारे प्रथिन असते, असे २०१८ साली त्वचेच्या एका कर्करोगात दिसून आले.

तेव्हा आपणच पत्र का लिहू नये? शिपायांना शत्रूची ओळख पटवणाऱ्या पेशींच्या पुटिका वापरून फ्रान्समध्ये १९९८ साली उंदरांच्या गाठी मागे हटविण्यात आल्या. माणसांवरील लहान चाचण्यांचे अहवाल २००५ साली आले. उपचार निर्धोक ठरला, गुण मात्र थोडा आला. आता पुटिकेच्या अंगावर गाठ शोधणारे प्रथिन बसवणे, पोटात औषध भरणे, असे प्रयत्न चालू आहेत. पुटिका जिवंत नसते, वाढत नाही. त्यामुळे ती अनेकांसाठी आधीच करून ठेवता येईल, अशी आशा आहे. परंतु बहुतेक पुटिका यकृत व प्लीहाच गिळून टाकतात आणि एकसारख्या पुटिका मोठ्या प्रमाणावर करणेही कठीण जाते. कर्करोगावर असे एकही औषध अद्याप मान्य झालेले नाही.

हे सर्व मी मामांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले व म्हणाले, "म्हणजे आज हाताशी आहे ते सोडायचे नाही." मला वाटते, माझ्या साऱ्या वाचनाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले. नव्याची आशा जरूर धरावी. पण 'एक्झोसोम'च्या नावाने कोणी बरे करण्याची हमी देऊ लागला, तर आधी डॉक्टरांना विचारावे. मामींची केमोथेरपी चालू आहे. पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा मुंबईला निघू.