माणसे वेगळी, सामान वेगळे

मजूरमंत्री असताना डिसेंबर 1943 मध्ये बाबासाहेबांनी धनबादच्या कोळसा खाणींना भेट दिली. खाणीत माणसे उतरवणाऱ्या पिंजऱ्याचे नियम कडक असतात: माणसांची संख्या ठरलेली, दार बंद, माणसांसोबत माल नाही.

आता आपल्या हसनाबाद भागातून ऊसतोडीला निघालेली ट्रॉली पाहा. भांडी, सरपण, गाठोडी आणि त्यावर लेकरे! उचल देताना मुकादम हिशेब चोख करतो, मग प्रवासाचाही ठरवून घ्या. माणसांसाठी वेगळी गाडी मागा, प्रवास दिवसा करा. ट्रॉलीच्या फाळक्यावर कोणी बसू नये. दोन ट्रॉल्यांच्या जोडावर तर मुळीच नाही. कोणी पडलेच तर ओढून बसवू नका, मान हलू देऊ नका, 108 ला फोन लावा.