सरकार, बाजार आणि आपली ठेव

चंडीमंदिरच्या छावणीजवळ आमची शाखा आहे. सेनेच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय इथे असल्यामुळे सातारा, कोल्हापूर, बुलढाणा अशा जिल्ह्यांतले जवान बदलीवर येतात, दोन-तीन वर्षे राहतात आणि पुढे जातात. मीही बदलीवरच आलेली. काउंटरवर मराठी ऐकू आले की खातेदार थोडे जास्त बोलतात, आणि पैशाबद्दल मनात असलेले खरे प्रश्न त्या बोलण्यातूनच कळतात.

असेच एक हवालदार आले होते. वय ४४, निवृत्तीला चार महिने राहिलेले. ग्रॅच्युइटी, फंड, विमा आणि पेन्शनची विकलेली रक्कम मिळून हातात साधारण २२ लाख येणार होते. गावच्या पतसंस्थेत सव्वानऊ टक्के व्याज मिळत होते, आमच्याकडे पावणेसात. पतसंस्थेचे चेअरमन त्यांचे मामेसासरे. हवालदार म्हणाले, "मॅडम, संस्था सरकारनेच रजिस्टर केलेली आहे. उद्या काही झालेच तर सरकार भरून देईल ना?" शेजारी पासबुक भरायला उभा असलेला एक तरुण शिपाई पटकन म्हणाला, "सरकार कशाला भरेल? जास्त व्याज हवे तर जास्त धोका. बाजार आहे हा, काका."

बाजार मोकळा असावा की सरकारने त्यात हात घालावा, या विषयावर मी एम. कॉम.ला असताना जाड पुस्तके वाचली. त्या पुस्तकांतला वाद या दोघांनी दोन वाक्यांत मांडला. आणि दोघांचेही अर्धेच बरोबर होते.

आधी व्याजदराचे पाहू. तुमच्या आईवडिलांच्या काळात कोणत्याही बँकेत गेले तरी व्याज जवळजवळ तेच असायचे, कारण दर वरून ठरत. १९९१ नंतर ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली. मुदत ठेवींचे दर १९९७ मध्ये बँकांवर सोडले गेले आणि बचत खात्याचा दर २५ ऑक्टोबर २०११ पासून. आज एक बँक पावणेसात देते आणि दुसरी साडेसात, ते या मोकळिकीमुळे. ठेवीदाराला त्यात फायदा आहे, हे मी बँकेत असूनही मान्य करते. स्पर्धा नसती तर आम्ही इतके गोड बोललो नसतो.

पण दर मोकळे झाले म्हणून ठेवीदाराला बँकेचा ताळेबंद वाचता येऊ लागला असे नाही. भाजी घेताना आपण वांगे दाबून पाहतो. बँक दाबून पाहता येत नाही. तिने आपले पैसे कोणाला दिले हे आपल्याला दिसत नाही, आणि दिसते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. सरकारने बाजारात का यावे, याला छोट्या ठेवीदारापुरते हे एवढेच कारण मला पुरेसे वाटते.

आपल्याकडे हे शहाणपण बँका बुडाल्यावर आले. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि महाराष्ट्रातली लक्ष्मी बँक कोसळल्या. त्यानंतर १९६१ मध्ये ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांचे संरक्षण मिळाले. पुढे ही मर्यादा वाढत १९९३ मध्ये १ लाख झाली आणि मग तब्बल २७ वर्षे तिथेच थांबली. या काळात पगार वाढले, महागाई वाढली, विमा मात्र १ लाखच राहिला.

तो वाढायला आणखी एक बँक कोसळावी लागली. तिच्या नावात पंजाबही होता आणि महाराष्ट्रही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसी बँकेवर निर्बंध घातले. सुमारे ११,६०० कोटींच्या ठेवी असलेल्या या बँकेतून सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. मर्यादा पुढे १०,००० झाली, मग २५,०००, ४०,०००, ५०,००० आणि जून २०२० मध्ये १ लाख. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कर्जे एकाच बांधकाम समूहाला, एचडीआयएलला गेली होती आणि ती हजारो बनावट खात्यांआड लपवली होती. काउंटरवर पासबुक भरून घेणाऱ्या आजोबांना हे कळणे शक्यच नव्हते. पण हिशेबतपासनीस होते, संचालक मंडळ होते, सहकार खाते होते, रिझर्व्ह बँकही होती. सरकार बाजारात होतेच. नुसते असणे पुरले नाही.

याच काळात येस बँकेचे प्रकरण झाले. ५ मार्च २०२० रोजी तिच्यावरही निर्बंध आले, ५०,००० रुपयांपेक्षा जास्त काढायला बंदी झाली. पण स्टेट बँक आणि काही खासगी बँकांनी भांडवल घातले आणि १८ मार्चला निर्बंध उठले. अवघे तेरा दिवस! पीएमसीच्या ठेवीदारांना सुटकेसाठी जानेवारी २०२२ पर्यंत, म्हणजे दोन वर्षे चार महिने थांबावे लागले. मोठ्या बँकेला वाचवायला सगळे धावतात, कारण ती बुडाली तर इतरांनाही ओढून नेते; लहान बँकेचे ठेवीदार रांगेत उभे राहतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने याचे समर्थन करता येते. भांडुपच्या शाखेबाहेर उभे राहून ते करणे अवघड आहे. येस बँकेतही सगळे सुटले असे नाही. तिचे एटी-वन नावाचे रोखे ज्यांनी घेतले होते, त्यांची ८,४०० कोटींहून अधिक रक्कम शून्य करण्यात आली आणि तो वाद कोर्टात गेला. म्हणून 'बँकेचेच आहे' म्हणून कोणी रोखे पुढे केले, तर ती ठेव आहे का, एवढे आधी विचारा.

पीएमसीनंतर तीन बदल झाले. ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा ५ लाख झाली. त्याच वर्षी कायदा बदलून सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेला जास्त अधिकार मिळाले. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद आली. आधी बँक पूर्ण बंद होईपर्यंत वाट पाहावी लागे. फरक पडलेला दिसतो: फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली.

५ लाखांच्या वरच्या रकमेचे काय होते? पीएमसी बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, त्या योजनेप्रमाणे १८ लाख ठेव असलेल्या व्यक्तीचा हिशेब मी हवालदारांना कागदावर मांडून दाखवला. विम्याचे ५ लाख. मग पहिल्या वर्षाअखेर ५० हजार, दुसऱ्या वर्षाअखेर ५० हजार, तिसऱ्याला १ लाख, चौथ्याला अडीच लाख, पाचव्याला साडेपाच लाख. उरलेले ३ लाख दहा वर्षांनी. आणि ३१ मार्च २०२१ नंतरची पाच वर्षे व्याज नाही. हवालदार बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. त्यांची मुलगी दहावीत होती.

आता त्या तरुण शिपायाची बाजू, कारण तिच्यातही दम आहे. सरकारने सगळ्याच ठेवींची हमी घेतली, तर ठेवीदार बँक पारखणार नाही, जो जास्त व्याज देईल त्याच्याकडे धावेल. आणि बँक चालवणारेही बेफिकीर होतील, कारण नुकसान दुसराच भरणार. म्हणून विम्याला मर्यादा असते. हप्ता ठेवीदाराकडून घेतला जात नाही, बँक भरते. २०२० पासून १०० रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैसे. जपून कर्ज देणारी बँक आणि उधळी बँक, दोघींना दर एकच होता. हे बरोबर नाही, असे पुष्कळ वर्षे म्हटले जात होते. बँकेच्या जोखमीप्रमाणे हप्ता ठरवण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये जाहीर केला. बाजारवाल्यांचा मुद्दा इथे सरकारी व्यवस्थेने उचलला, आणि चांगले केले.

सरकार आणखी एका रूपात आपल्याला भेटते, ते म्हणजे पोस्टात. तिथे ते पंच नसते, स्वतः खेळाडू असते. पोस्टाच्या योजना आणि पीपीएफमधला पैसा सरकार स्वतःच कर्जाऊ घेते, म्हणून तिथे ५ लाखांची मर्यादा नाही. पूर्ण रकमेमागे केंद्र सरकार उभे असते. दर तिमाहीला व्याजदरही तेच ठरवते. ३१ मार्च २०२१ च्या रात्री हे दर एकदम खाली आणल्याचे जाहीर झाले. पीपीएफ ७.१ वरून ६.४ टक्के. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्र्यांनी तो आदेश नजरचुकीने निघाल्याचे सांगून मागे घेतला. कर्ज घेणाराच व्याज ठरवतो, अशी ही जागा आहे. आम्ही बँकवाले तक्रार करतो की पोस्टाचे दर चढे असल्यामुळे आम्हाला ठेवीचे आणि पर्यायाने कर्जाचे दर उतरवता येत नाहीत. तक्रार खरी आहे. पण निवृत्त माणसाने आमच्या तक्रारीसाठी आपले व्याज सोडावे, असे मी म्हणणार नाही.

आणि जिथे सरकारचे नेमके कोणते खाते लक्ष ठेवणार हेच ठरलेले नसते, तिथे काय होते, याचे उदाहरण याच भागातले आहे. पर्ल्स समूहाचा गृहप्रकल्प इथून जवळ मोहालीत आहे. या समूहाच्या पीएसीएल कंपनीने जमीन देतो म्हणून हप्त्या-हप्त्याने सुमारे ४९,१०० कोटी रुपये गोळा केले, तेही जवळपास ५ कोटी ८० लाख लोकांकडून. महाराष्ट्रातलेही पुष्कळ होते. ही सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असे सेबीचे म्हणणे. आम्ही फक्त जमीन विकतो, सेबीचा आमच्याशी संबंध नाही, असे कंपनीचे. हा वाद १९९९ पासून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत चालला. त्या सगळ्या काळात एजंट हप्ते गोळा करतच होते. पैसे परत करण्याचा सेबीचा आदेश ऑगस्ट २०१४ मध्ये आला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परतफेडीसाठी न्यायमूर्ती लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

हवालदारांचा मूळ प्रश्न पतसंस्थेचा होता. सहकार खात्यात नोंदणी झाली याचा अर्थ संस्था कायद्याने अस्तित्वात आली आणि तिच्यावर सहकार खात्याची देखरेख आहे, इतकाच. बँकांना असलेला ५ लाखांचा ठेव विमा पतसंस्थेच्या ठेवीला नाही. नागरी सहकारी बँकेला आहे, जिल्हा मध्यवर्ती बँकेला आहे, खासगी आणि स्मॉल फायनान्स बँकेलाही आहे, पतसंस्थेला नाही. कंपनीच्या ठेवींना आणि म्युच्युअल फंडाला तर नाहीच. सव्वानऊ आणि पावणेसात यांतले अडीच टक्के हे त्या नसलेल्या विम्याचे आणि जास्त जोखमीचे मोल आहे. पुष्कळ पतसंस्था प्रामाणिकपणे चालतात, अडीअडचणीला बँकेआधी उभ्या राहतात, हेही खरे.

"मग सगळे तुमच्याकडेच ठेवू का?" असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणाले. आमची बँक सरकारी आहे. १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेल्या बँकेच्या ठेवीदाराचे पैसे बुडाल्याचे उदाहरण नाही. पण कायद्यातली मर्यादा आम्हालाही तीच, ५ लाख. ती एका व्यक्तीची, एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधली बचत, मुदत ठेव आणि त्यांवरचे व्याज धरून मोजतात. त्यामुळे बरोबर ५ लाखांची मुदत ठेव केली तर पुढचे व्याज संरक्षणाबाहेर जाते. पत्नीच्या एकट्या नावावरची ठेव वेगळी मोजली जाते. नवरा-बायकोचे संयुक्त खातेही वेगळे, आणि त्यात नावांचा क्रम उलटा केला तर ते आणखी वेगळे.

शेवटी ठरले ते असे. दोघांच्या नावे पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत १० लाख. संयुक्त खात्याची मर्यादा १५ लाख आहे. आमच्याकडे त्यांच्या नावे ३ लाखांची मुदत ठेव आणि पेन्शनच्या बचत खात्यात दीड लाख. पत्नीच्या नावे ४ लाख. पीपीएफमध्ये दीड लाख, म्हणजे वर्षाला भरता येतात तेवढे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेबद्दल त्यांनी विचारले. सेनेतून निवृत्त झालेल्यांना ती पन्नाशीपासून खुली होते, म्हणून त्यांना आणखी सहा वर्षे थांबावे लागेल.

उरले २ लाख. ते गावच्या पतसंस्थेत जाणार होते. "मामेसासऱ्यांना तोंड दाखवायचे आहे, मॅडम," ते म्हणाले. मग पत्नीला फोन लावून त्यांनी पॅन आणि आधारच्या झेरॉक्स मागवल्या आणि दोन फॉर्म घेऊन बाकावर जाऊन बसले. वारसाच्या रकान्यात मुलीचे नाव आधी लिहिले.