माऊसचा बाण आपोआप सरकतो? खर्चापूर्वी हे तपासा

बिले, हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेचे व्यवहार ही सारी कामे आता बहुतेक दुकानांत एकाच संगणकावर होतात. अशा वेळी माऊसला हात न लावता पडद्यावरचा बाण सरकू लागला की मालक घाबरतो. कोणी म्हणतो व्हायरस आला, कोणी म्हणतो सारे पुसून विंडोज नव्याने टाका. पण प्रत न काढता डिस्क फॉरमॅट केली तर वर्षाचा हिशेब जातो आणि दोष तसाच राहतो. म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी पुढील तपासणी आपणच करावी, असे आम्ही सुचवितो.

प्रथम हालचाल नीट पाहावी. बाण थरथरत असेल, एकाच बाजूला घसरत असेल किंवा मध्येच उडी मारत असेल, तर दोष बहुधा यंत्रात असतो. मात्र बाण नेमका जाऊन फाइल उघडत असेल, बँकेच्या पानावर बटणे दाबत असेल, तर त्यामागे माणूस असू शकतो. तसे दिसल्यास थेट कलम ४ पाहावे.

१) माऊस काढून पाहा : तारेचा असेल तर तार काढावी, बिनतारी असेल तर संगणकाला लावलेला छोटा रिसीव्हर काढावा. बाण थांबला तर दोष माऊसमध्ये किंवा त्याच्या खालच्या पृष्ठभागात आहे. न थांबल्यास संगणकाच्या मागे जुन्या माऊसचा रिसीव्हर विसरला आहे काय, ते पाहावे. खणात पडलेला दुसरा माऊसही बाण हलवू शकतो.

२) माऊस व पृष्ठभाग : आजच्या माऊसच्या पोटात दिवा व बारीक कॅमेरा असतो. तो सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपतो आणि त्यांतील फरकावरून हालचाल ओळखतो. काचेच्या किंवा चकचकीत काउंटरवर तो फसतो. भिंगाच्या खाचेत केस किंवा धूळ अडकली तरी तेच होते. खाच कोरड्या मऊ कापडाने पुसावी आणि माऊसखाली साधा कागद ठेवून पाहावा. बिनतारी माऊसचा सेल बदलावा. त्याचा रिसीव्हर यूएसबी ३ च्या हार्डडिस्कपासून दूर लावावा, कारण तिच्यामुळे माऊसच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत अडथळा येतो.

३) लॅपटॉप असल्यास : टाइप करताना तळहात टचपॅडला लागतो. बाहेरचा माऊस जोडला की टचपॅड बंद राहावा, अशी सोय विंडोजच्या सेटिंगमध्ये आहे. चार्जर काढताच थरथर थांबली तर चार्जर किंवा दुकानातील अर्थिंग तपासून घ्यावे. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. तिला आग लागण्याचा धोका असतो. लॅपटॉप ताबडतोब बंद करावा, चार्ज करू नये, आणि बॅटरी जाणकाराकडूनच काढून घ्यावी.

४) परका हात असल्यास : दुरून संगणक चालविणारी ॲप मुळात दुरुस्तीच्या सोयीसाठी असतात. काम संपल्यावरही ती संगणकात तशीच राहतात, किंवा बँकेचा माणूस असल्याची बतावणी करणारा भामटा ती टाकायला लावतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या ॲपच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केले होते. शंका येताच इंटरनेटची तार काढावी, वाय-फाय बंद करावे. मग दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे व्यवहार थांबवावेत आणि पासवर्ड बदलावेत. पैसे गेले असल्यास वेळ न घालवता १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. संगणक लगेच फॉरमॅट करू नये, पुरावा पुसला जातो.

एवढे करूनही दोष राहिला तर कारागिराला जरूर बोलवावे. त्याला आपण काय तपासले ते सांगावे आणि आधी दुसरा माऊस लावून पाहण्यास सांगावे. हिशेबाची एक प्रत मात्र रोज दुकान बंद करताना पेनड्राइव्हवर काढावी आणि तो पेनड्राइव्ह संगणकाला लावून ठेवू नये. माऊस बाजारात काही शे रुपयांत नवा मिळतो. पुसलेला हिशेब विकत मिळत नाही.