लांडगे पाहायला जाताय? तिकिटाआधी गॅसचा हिशेब करा

न्यू मेक्सिकोतल्या ‘वाइल्ड स्पिरिट वुल्फ सँक्च्युअरी’त तिकिटाला फारसे पैसे लागत नाहीत. गाइडबरोबरची तासाभराची फेरी मोठ्यांना 15-20 डॉलरच्या घरात पडते, मुलांना त्याहून कमी. खरा खर्च तिथे पोचण्याचा.

अल्बुकर्कीहून एकेरी अंतर सुमारे 140 मैल. ग्रँट्सपर्यंत आय-40 वरून सुसाट, पुढे राज्य रस्ता 53 आणि शेवटी कँडी किचन नावाच्या वस्तीकडचा आडरस्ता. (दारूबंदीच्या काळात इथे कुणी चोरून दारू गाळायचा आणि एवढी साखर कशाला म्हणून विचारलं की ‘मिठाई करतो’ सांगायचा, अशी या नावाची कथा आहे.) जाऊन-येऊन दहाएक गॅलन गॅस, म्हणजे 30-35 डॉलर. गाडी भाड्याची असेल तर 60-70 वेगळे. टाकी ग्रँट्सलाच भरा, जेवणाचे डबेही तिथूनच घ्या. पुढे रेंजचा भरवसा नाही, तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. चौघांचं कुटुंब एका दिवसात 200 डॉलरच्या आसपास मोकळं होतं. मुक्काम करायचा तर वाटेतल्या एल मॉरो राष्ट्रीय स्मारकात तंबूची जागा फुकट आहे, पण मोजक्याच जागा आणि आधी येईल त्याला.

फोटोग्राफीची खास फेरी महाग पडते. मोठी लेन्स नसेल तर साधीच घ्या. फोनच्या फोटोत जाळी यायचीच. उरलेले पैसे देणगीपेटीत टाका, त्याला कारण आहे. इथले बरेच प्राणी लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचे. हौसेनं पिल्लू विकत घेतात, ते दीड-दोन वर्षांचं झालं की कुंपणाखाली उकरतं, सोफा फाडतं, मग मालक हात टेकतो. जंगलात सोडावं तर माणसाळलेलं, आणि प्राणिसंग्रहालयांना संकर नको असतो. 1991 पासून ही संस्था अशांना मरेपर्यंत सांभाळते, तेही मुख्यतः देणग्यांवर. कुरवाळायला मिळेल या आशेनं मात्र जाऊ नका. गाइड जाळीजवळ थांबून एकेकाची कुंडली सांगतो, तेवढ्यात एकानं गळा काढला की पलीकडच्या आवारांतूनही साद येते.

फेऱ्या ठरावीक वेळीच निघतात आणि आठवड्याची सुट्टी असते. निघण्याआधी वेळापत्रक आणि त्या दिवसाचे दर तपासा. भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर आधीच सांगून ठेवा: जागा 7,000 फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही उंच आहे. पाणी, टोपी, बंद बूट हवेत आणि चालायचं सावकाश.