खटखट कुठून येते?

(घर लहान असले, की एकाचे काम दुसऱ्याच्या झोपेच्या आड येते. अशा वेळी रागावण्यापेक्षा कारण शोधणे अधिक उपयोगी ठरते. लॅपटॉपच्या कीबोर्डचा आवाज एका मुलाने कसा कमी केला, ते त्याच्याच शब्दांत या पाठात वाचा.)

मालेगावात आमचे एका खोलीचे घर आहे. अब्बा यंत्रमागावर काम करतात. सकाळी सात वाजता त्यांची पाळी सुरू होते. आपा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अब्बांनी पैसे साठवून तिला एक जुना लॅपटॉप घेऊन दिला. दिवसा आपा कॉलेजात असते. संध्याकाळी ती अम्मीला मदत करते. त्यामुळे तिचे लेखन रात्री दहानंतरच सुरू होते. पत्र्याच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती टाइप करू लागली, की खोलीभर खटखट खटखट चाले.

अब्बा काही बोलत नसत. ते कूस बदलत पडून राहत. एके दिवशी मात्र ते उदास चेहऱ्याने घरी आले. झोप अपुरी झाल्यामुळे कामावर त्यांना डुलकी लागली होती. मागावरचा धागा तुटलेला त्यांच्या लक्षात आला नाही. कापडात दोष राहिला आणि मजुरी कापली गेली.

अम्मी म्हणाली, "मजुरीचे काय, ती पुन्हा मिळेल. पण चालत्या मागाजवळ डोळा लागणे बरे नव्हे."

ते ऐकून आपाने लॅपटॉप मिटला. "आजपासून मी रात्री टाइप करणार नाही," ती म्हणाली. पण तिचा प्रकल्प पंधरा दिवसांत द्यायचा होता, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते.

मी विचारले, "अब्बा, कारखान्यात तर केवढा आवाज असतो! मग या लहानशा खटखटीने तुमची झोप कशी मोडते?"

अब्बा हसून म्हणाले, "बेटा, मागाचा आवाज एकसारखा असतो. कानांना त्याची सवय होते. ही खटखट मध्येच थांबते. संपली असे वाटून डोळा लागतो, तोच ती पुन्हा सुरू होते!"

दुसऱ्या दिवशी मी ही अडचण विज्ञानाच्या सरांना सांगितली. सर म्हणाले, "आवाज कंपामुळे निर्माण होतो. कंप कुठे सुरू होतो आणि कशातून पसरतो, ते आधी शोध. उपाय आपोआप सापडेल."

मग त्यांनी मला फळ्यावर एका कळीचे चित्र काढून दाखवले. लॅपटॉपच्या कळीखाली कात्रीसारख्या जोडलेल्या प्लॅस्टिकच्या दोन बारीक चौकटी असतात. त्यांच्यामध्ये रबराची एक छोटी घुमटी असते आणि तिच्याखाली पातळ पापुद्रे असतात. कळ दाबली, की घुमटी दबते, पापुद्रे एकमेकांना टेकतात आणि विद्युत मंडल पूर्ण होते. तेव्हा पडद्यावर अक्षर उमटते. कळ जोरात खाली आदळली, की खट असा आवाज होतो.

घरी येताच मी आपाला थोडे टाइप करायला सांगितले आणि टेबलावर तळहात ठेवला. पत्रा थरथरत होता! मग तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. आवाज लगेच कमी झाला. कळांचा कंप टेबलात उतरत होता आणि पोकळ टेबल ढोलासारखे वाजत होते.

मला वाटले, उपाय सापडला. मी रजईची घडी करून लॅपटॉपखाली घातली. खटखट दबली; पण थोड्याच वेळाने लॅपटॉप तापला आणि आतला पंखा घरघरू लागला. लॅपटॉपच्या तळाला हवेसाठी फटी होत्या. रजईने त्या बुजल्या होत्या. आपा म्हणाली, "अरे, झोप वाचवायची म्हणून माझा लॅपटॉप जाळू नकोस!"

तेव्हा मी जुन्या रबरी चपलेचे चार सारखे तुकडे कापले आणि लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली ठेवले. आता खालून हवा खेळत होती आणि रबरामुळे टेबलापर्यंत फारच थोडा कंप पोहोचत होता.

तरी दोन कळा अजून कुरकुरत होत्या. आपाने लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला आणि लॅपटॉप हळूच तिरका धरला. नानखटाईचे कण खाली पडले! मग तिने मऊ, कोरड्या ब्रशने फटी साफ केल्या. कळा उपटून काढायच्या नाहीत आणि पाणी लावायचे नाही, असे सरांनी बजावले होते. रोजच्या वापरातली मोठी आडवी कळ मात्र थोडी खडखडत राहिली. लांब कळ सपाट राहावी म्हणून तिच्याखाली तार असते. ती तार वाजते, असे सरांनी सांगितले.

आता एकच कारण उरले होते. ते होते आपाची बोटे.

आमचे नाना कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करून देत. आपा त्यांच्याच टाइपरायटरवर शिकली होती. भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर गोदरेज कंपनीने १९५५ साली तयार केला. नानांचे यंत्रही तसलेच होते. टाइपरायटरवर कळ जोरात मारावी लागे. मार हलका पडला, तर कागदावर अक्षर फिके उमटे. आजच्या कीबोर्डवरील इंग्रजी अक्षरांची मांडणी अमेरिकेत १८७४ मध्ये विक्रीस आलेल्या टाइपरायटरवरून आली आहे. मांडणी जवळजवळ तीच राहिली, पण यंत्र बदलले. कीबोर्डवर कळ कितीही जोरात मारली, तरी अक्षर अधिक ठळक होत नाही.

मी हे सांगताच आपा आपल्या बोटांकडे पाहत राहिली. "म्हणजे मी अजून नानांच्याच यंत्रावर टाइप करत होते तर!" ती म्हणाली.

जुनी सवय एका दिवसात जात नाही. पहिल्या दोन रात्री तिचा वेग कमी झाला, चुकाही झाल्या. पण आठवड्याभरात बोटे कळांवरून हलकेच फिरू लागली.

एका पहाटे अब्बा जागे झाले. टेबलाशी दिवा जळत होता. अब्बांनी विचारले, "बेटी, इतक्या पहाटे उठून बसलीस?"

आपा म्हणाली, "उठले नाही, अब्बा. रात्री दहापासून बसले आहे. आताच शेवटचे पान संपले."

अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मला तर काहीच ऐकू आले नाही. जा, आता तू झोप. मी पाय न वाजवता तयारी करतो."

शब्दार्थ

कंप – थरथराहट
पाळी – कामाची ठरलेली वेळ, बारी
पोकळ – खोखला
पापुद्रा – पातळ थर, परत
फट – दराज
मजुरी – मजदूरी, उजरत
बजावणे – ताकीद करणे
डोळा लागणे – झोप येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आपा रात्रीच टाइप का करत असे?
(आ) टेबल थरथरते, हे लेखकाला कसे कळले?
(इ) रजई घातल्यावर लॅपटॉप का तापला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) अब्बांची मजुरी कापली गेली.
(आ) आपा कळा जोरात मारत असे.

प्र. ३. 'डोळा लागणे' आणि 'कूस बदलणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.

प्र. ४. अब्बांच्या शेवटच्या वाक्यावरून त्यांचा स्वभाव तुम्हांला कसा वाटतो, ते चार ओळींत लिहा.

उपक्रम : मोबाइलची घंटी बंद करून तो कंपनावर ठेवा. आधी तो स्टीलच्या ताटात आणि मग घडी केलेल्या टॉवेलवर ठेवून आवाज ऐका. काय फरक पडला, तो वहीत लिहा.